कोरड्या दऱ्यांतली ‘निर्जंतुक’ माती

१९६९ साली ‘सायन्स’ या अमेरिकी साप्ताहिकात अंटार्क्टिकातल्या मातीविषयी एक शोधनिबंध छापून आला. माती होती मॅकमर्डो साउंडच्या पश्चिमेकडच्या कोरड्या दऱ्यांमधली. लेखकांत नॉर्मन होरोविट्झ, रॉय कॅमेरॉन आणि जेरी हबर्ड ही मंडळी होती. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की नेहमीच्या सूक्ष्मजीवशास्त्रीय कसोट्या लावल्या तर इथली काही माती निर्जंतुक ठरते, आणि तरीही तिच्यात सेंद्रिय कार्बन सापडतो. हा कार्बन कुठून आला हे तपासले, तर तो दगडी कोळशाचा बारीक चुरा निघाला, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जंगलांचा अवशेष. आजच्या जिवांशी त्याचा काही संबंध नव्हता. पृथ्वीच्या पाठीवर उघड्या आभाळाखाली असलेली, कोणी भाजलेली वा उकळलेली नसलेली माती जिवाणूंविना असू शकते, हे विधान तेव्हा धाडसाचे होते. त्यावर पुढली चार-पाच दशके वाद झाला, त्या वादाच्या धबडग्यात एका शास्त्रज्ञाचा जीव गेला, आणि ध्रुवीय जिवाणूंविषयी आज आपल्याला जे माहीत आहे त्यातले बरेचसे या वादाच्या ओघात हाती लागले. माझ्या मते या साऱ्या इतिहासाची किल्ली त्या निबंधातल्या ‘नेहमीच्या कसोट्या’ या शब्दांत आहे. ध्रुवांवर जीव आहे की नाही, किती आहे, किती प्रकारचा आहे, याची उत्तरे दर पिढीला वेगळी मिळाली. माती तीच होती. तिला विचारायची रीत बदलत गेली.

ही रीत मुळात इस्पितळातून आली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जिवाणूशास्त्र म्हणजे रोगजंतूंचे शास्त्र. मांसाचा अर्क आणि पेप्टोन घातलेले पोषक माध्यम, काचेची पेट्री बशी आणि माणसाच्या अंगाइतके ऊबदार उबवणयंत्र ही त्याची हत्यारे. ध्रुवीय मोहिमांवर ती घेऊन जाणारे बहुतेक लोकही डॉक्टरच होते. १८९८च्या स्वीडिश मोहिमेबरोबर स्पिट्सबर्गेनला गेलेल्या लेव्हिन यांनी हजारो लिटर हवा गाळून पाहिली, तेव्हा त्यांना हवेत जवळपास काहीच सापडले नाही. इतकेच नव्हे, तिथल्या बहुतेक प्राण्यांची आतडीही त्यांना निर्जंतुक आढळली. १९०१ ते १९०३ या काळात नॉर्डेन्शोल्ड यांच्या मोहिमेतले डॉक्टर एरिक एकेलॉफ अंटार्क्टिकातल्या स्नो हिल बेटावर दोन हिवाळे अडकून पडले. जहाज बर्फाने चिरडून बुडाले आणि सुटका व्हायला अर्जेंटिनाचे जहाज यावे लागले. त्या सक्तीच्या मुक्कामात त्यांनी बशा उघड्या ठेवून हवेतले जिवाणू मोजले आणि मातीचेही नमुने तपासले. हवा जवळजवळ स्वच्छ, पण मातीत मात्र जिवाणू, हा त्यांचा निष्कर्ष. पुढे १९११च्या ऑस्ट्रेलियन मोहिमेतले डॉक्टर मॅक्लीन यांना तर बर्फ आणि हिमातूनही जिवाणू वाढवता आले. म्हणजे ‘इथे काही नाही’ आणि ‘इथे काहीतरी आहे’ ही दोन्ही मते अगदी आरंभापासून शेजारी शेजारी नांदत होती. तरी लोकांच्या मनात ठसले ते पहिलेच. ध्रुवावर सर्दीसुद्धा होत नाही, ही प्रवाशांची आवडती गोष्ट होती, आणि शुभ्र म्हणजे शुद्ध हे समीकरण कोणालाही पटकन पटते.

लेव्हिन यांची निर्जंतुक आतडी हा निव्वळ साधनांचा दोष होता, असे म्हणून मोकळे होता येत नाही, हे इथे सांगायला हवे. १९६०च्या सुमारास जॉन सीबर्थ यांनी अंटार्क्टिकातल्या पेंग्विनांच्या आतड्यांत जिवाणू का कमी असतात याचा माग काढला. समुद्रातल्या फिओसिस्टिस नावाच्या शैवालात अॅक्रिलिक आम्ल असते, ते क्रिल खातात, क्रिल पेंग्विन खातात आणि त्या आम्लामुळे जिवाणूंची वाढ दबते, असे त्यांनी दाखवले. तेव्हा ‘सापडले नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला आंधळा ठरवण्यात अर्थ नाही. कधीकधी खरोखरच कमी असते.

तरीही साधनांचा दोष मोठा होता, आणि तो तापमानात दडलेला होता. शून्य अंशालाही जिवाणू वाढतात, हे फॉर्स्टर यांनी १८८७ साली माशांवरच्या चमकणाऱ्या जिवाणूंवरून दाखवले होते. पण थंडीत ‘वाढू शकणारा’ आणि थंडीतच ‘वाढणारा’ हे दोन वेगळे प्राणी आहेत. १९७५ साली रिचर्ड मोरिटा यांनी खऱ्या शीतप्रेमी जिवाणूची जी व्याख्या रूढ केली, तिच्यानुसार अशा जिवाणूला १५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली सर्वांत चांगले मानवते आणि २० अंशांच्या वर तो वाढूच शकत नाही. म्हणजे नमुना प्रयोगशाळेच्या टेबलावर, आपल्याला गारवा वाटेल अशा खोलीत, तासभर विसरून राहिला तरी त्यातल्या काही जिवांची वाट लागू शकते. दुसरी अडचण वेळेची. अलास्काजवळच्या समुद्री बर्फात सापडलेला सायक्रोमोनास इंग्राहॅमी हा जिवाणू उणे १२ अंशांना वाढतो, पण एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे २४० तास लागतात. आपल्या पोटातला ई. कोलाय सोयीच्या परिस्थितीत हेच काम वीसेक मिनिटांत उरकतो. एकाचे दोन व्हायला दहा दिवस घेणाऱ्या जिवाची बशी आठवड्याभराने पाहिली, तर ती कोरीच दिसणार. ती कोरी बशी पाहून ‘निर्जंतुक’ असा शेरा मारणाऱ्याने खोटे सांगितले असे नाही. त्याने घाईत सांगितले.

आता होरोविट्झ यांच्याकडे परत येऊ, कारण त्यांची बाजू पुष्कळदा विनाकारण हास्यास्पद करून मांडली जाते. ते काही इस्पितळातले डॉक्टर नव्हते. ते कॅल्टेकचे नावाजलेले जीवरसायनशास्त्रज्ञ होते आणि नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत जीवशास्त्र विभागाचे प्रमुख होते. त्यांना अंटार्क्टिकात रस होता तो मंगळामुळे. मंगळावर जीव शोधायला यान पाठवायचे, तर आधी पृथ्वीवर मंगळासारखी जागा शोधा, तिथे जीव असतो का पाहा. कोरड्या दऱ्या ही तशी जागा. ट्रान्सअंटार्क्टिक पर्वतांनी हिमचादर अडवून धरल्यामुळे इथे हजारो चौरस किलोमीटर जमीन उघडी पडली आहे. जे थोडके हिम पडते ते वितळण्याआधीच उडून जाते, आणि पठारावरून खाली कोसळणारे कोरडे वारे दगडांना कोरून काढतात. १९०३ साली ध्रुवीय प्रवासी स्कॉट आणि त्यांचे दोन सोबती टेलर दरीत उतरले, तेव्हा त्यांना तिथे शेवाळसुद्धा दिसले नव्हते. कॅमेरॉन यांनी अनेक मोसम या दऱ्या पिंजून नमुने गोळा केले. १९७२ साली होरोविट्झ, कॅमेरॉन आणि हबर्ड यांनी त्याचा सारांश मांडला. काही मातींतून काहीही वाढत नाही. जिथे वाढते तिथले जिवाणू बहुधा वाऱ्याने इतरत्रून आणलेले पाहुणे आहेत, या दरीला जुळवून घेतलेले रहिवासी नाहीत. आणि अडसर थंडीचा नसून पाण्याच्या अभावाचा आहे. मंगळ याहूनही कोरडा, तेव्हा तिथे जीव असण्याची आशा जवळपास नाही. हा युक्तिवाद सरळ आहे, आणि त्याच्या मुळाशी कष्टाने जमवलेला पुरावा आहे.

याला विरोध केला तो वुल्फ व्हिश्नियाक यांनी. छायाचित्रकार रोमन व्हिश्नियाक यांचे हे चिरंजीव, रोचेस्टर विद्यापीठात प्राध्यापक. मंगळावर जीव शोधायचे एक उपकरण त्यांनी नासाच्या अनुदानावर १९५९पासून रचायला घेतले होते. त्यांच्या नावावरून त्याला ‘वुल्फ ट्रॅप’ म्हणत. मंगळाची माती पोषक द्रवात टाकायची, जिवाणू वाढले तर द्रव गढूळ होणार, तो गढूळपणा प्रकाशझोताने मोजायचा, इतकी साधी कल्पना. १९७२ साली खर्च कमी करण्याच्या नादात ‘व्हायकिंग’ यानावरून नेमके हेच उपकरण वगळले गेले. होरोविट्झ यांचा प्रयोग मात्र यानावर राहिला. अशा प्रसंगी दुसरा माणूस कडवट होऊन घरी बसला असता. व्हिश्नियाक यांनी अंटार्क्टिकाची वाट सोडली नाही. त्यांचा मुद्दा असा, की दरीतला जीव बशीत आणून पाहायचा तर तो बशीच्या सुग्रास अन्नाने बिथरतो, तेव्हा बशीच दरीत न्यावी. त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी स्टॅन्ली मेन्झर यांनी काचेच्या पट्ट्या थेट मातीत पुरल्या आणि काही काळाने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. ज्या मातीला निर्जंतुक म्हटले जात होते, तिच्यातल्या काचेवरही जीव वाढलेले दिसले. पद्धतीवर शंका घेता येण्याजोगी जागा होती आणि ती घेतलीही गेली. पण वादाचा रोख आता मातीवरून रीतीवर वळला. पुढच्या मोसमात आणखी पुरावा हवा होता. १० डिसेंबर १९७३ रोजी व्हिश्नियाक आस्गार्ड पर्वतरांगेत पुरून ठेवलेली साधने आणायला एकटे गेले आणि बर्फाळ उतारावरून कोसळून मरण पावले.

त्यांच्या सामानात दगडांची एक पिशवी होती. फ्लोरिडात काम करणारे मूळचे हंगेरीचे शास्त्रज्ञ इम्रे फ्रीडमन यांनी इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात दगडांच्या आत राहणारे शैवाल शोधले होते, आणि अंटार्क्टिकातही तसे असावे अशी त्यांची अटकळ होती. स्वतः जाणे जमेना, म्हणून त्यांनी व्हिश्नियाक यांना दगड आणायला सांगितले होते. व्हिश्नियाक यांच्या पत्नी हेलन यांनी ती पिशवी फ्रीडमनना पाठवली. त्या वालुकाश्माच्या आत, पृष्ठभागाखाली काही मिलिमीटरवर, निळ्या-हिरव्या जिवाणूंचे थर निघाले. १९७६ साली फ्रीडमन आणि त्यांच्या पत्नी रोसेली ओकॅम्पो यांनी ते जाहीर केले. पुढे फ्रीडमन स्वतः तिथे गेले आणि १९८२पर्यंत त्यांनी या वस्तीचा पूर्ण आराखडा मांडला. असा दगड फोडला की त्याच्या कापात एकावर एक पट्टे दिसतात. बाहेरचे टणक कवच, त्याखाली काळसर पट्टा, मग पांढरा, मग हिरवा, आणि हे सारे एक सेंटिमीटरच्या आत. वालुकाश्माचे कण अर्धपारदर्शक असल्याने उन्हाचा थोडा अंश आत झिरपतो. उन्हाळ्यात उन्हाने दगड बाहेरच्या हवेहून बराच तापतो, त्यावरचे हिम वितळते, ते पाणी छिद्रांत शिरते आणि वाऱ्याच्या तडाख्यापासून सुरक्षित राहते. बाहेर वाळवंट, आत ओलावा. ओकॅम्पो यांच्या हाताला गुण होता, असेच म्हणावे लागेल. इतरांना जे जीव बशीत मुळीच जगवता येत नसत, ते त्यांनी वर्षानुवर्षे वाढवून दाखवले. नापीक माती आणि नापीक बशी यांतला फरक त्यांच्या कामातून जितका कळतो तितका पानभर युक्तिवादातून कळत नाही. ‘व्हायकिंग’ याने मंगळावर उतरली तीही १९७६ सालीच. तिथल्या मातीत सेंद्रिय पदार्थ सापडले नाहीत आणि होरोविट्झ आपल्या मतावर अढळ राहिले.

यानंतरची पायरी बशीला पूर्ण बगल देणारी होती. निसर्गातल्या जिवाणूंपैकी फार थोडे, पुष्कळदा शंभरात एकही नाही, प्रयोगशाळेत वाढतात, ही विसंगती स्टेली आणि कोनोप्का यांनी १९८५ साली ठळकपणे पुढे आणली. मग नमुन्यातला डीएनए सरळ काढायचा, त्यातल्या रायबोसोमच्या जनुकावरून कोण कोण आहे ते वाचायचे, ही पद्धत रुळली. २००२ साली डॉन कोवन आणि सहकाऱ्यांनी कोरड्या दऱ्यांच्या मातीत एटीपी, म्हणजे जिवंत पेशींचे ऊर्जेचे चलन, मोजले. त्यावरून निघालेली पेशींची संख्या जुन्या अंदाजांच्या हजारो पटींनी जास्त होती. विविधतेचे चित्रही पालटले. बशीवर वाढणाऱ्या मोजक्या वंशांच्या जागी अनेक संघ दिसू लागले, त्यांतले काही असे की त्यांचा एकही सभासद कोणी कधी वाढवलेला नव्हता आणि ज्यांना नाव न देता नुसते सांकेतिक अक्षरांनी ओळखावे लागले. याचा अर्थ बशी निकामी झाली असा मात्र नव्हे. भारताचा या क्षेत्रातला वाटा मुख्यतः बशीचाच आहे. डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून पहिली भारतीय मोहीम निघाली, पुढे शिरमाखर ओअॅसिसमध्ये ‘मैत्री’ तळ उभा राहिला, आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधनसंस्थेत एस. शिवाजी आणि सहकाऱ्यांनी तिथल्या मातीतून वाढवलेल्या जिवाणूंमधून १९९२ साली स्फिंगोबॅक्टेरियम अंटार्क्टिकस ही नवी जात नोंदवली. त्यानंतर अशा जातींची रांगच लागली. डीएनए वाचून जिवाणूचे कुळ कळते; तो उणे तापमानात आपले पापुद्रे मऊ कसे ठेवतो, त्याची विकरे थंडीत काम कशी करतात, हे कळायला तो हाताशी जिवंत असावा लागतो. आज या मोहिमांचा कारभार वास्को द गामाच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो सगळ्यात वजनदार आहे. डीएनए सापडला म्हणजे जीव सापडला का? थंड आणि कोरड्या जागी डीएनए फार काळ टिकतो. वाऱ्याने आणलेले, शेकडो वर्षांपूर्वी मेलेले जिवाणूही यंत्रात हजेरी लावतात. मग होरोविट्झ यांचे ‘पाहुणे’ आणि डीएनएवाल्यांचे ‘रहिवासी’ यांत फरक कसा करायचा? नुसत्या यादीवर हा आक्षेप खरोखर लागू पडतो, आणि त्या काळात छापलेल्या बऱ्याच याद्यांना त्याचे उत्तर नव्हते. उत्तर आले ते हालचालीच्या पुराव्यातून. २०१७ साली बेलिंडा फेरारी, ख्रिस ग्रीनिंग आणि सहकाऱ्यांनी पूर्व अंटार्क्टिकातल्या दोन उघड्या जागांच्या मातीतले जिवाणू हवेतला हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड वापरून जगतात, असे दाखवून दिले. हवेत हे वायू नाममात्र असतात, पण ते चोवीस तास मिळतात, त्यांना ऊन लागत नाही. प्रकाशसंश्लेषण करणारे कोणी जवळपास नसताना एवढे जिवाणू खातात काय, हा प्रश्न होरोविट्झ यांच्या बाजूचा मोठा आधार होता. तो आधार इथे निसटला. त्याआधी २०१३च्या जानेवारीत अमेरिकी चमूने पश्चिम अंटार्क्टिकात ८०० मीटर बर्फाखालच्या व्हिलन्स सरोवरापर्यंत छिद्र पाडले. तिथल्या पाण्यात दर मिलिलिटरला सुमारे १,३०,००० पेशी होत्या, डीएनएच्या हिशेबाने ३,९३१ गट होते. आणि त्या पेशी नव्याने दिलेले पदार्थ वापरून वाढत होत्या, हेही मोजले गेले. सूर्य न पाहिलेले हे जग खडकांतून आणि गाळातून येणाऱ्या अमोनियम, मिथेन अशा पदार्थांवर चालते.

दुसरा आक्षेप दूषणाचा. व्होस्टोक सरोवराची कथा हे त्याचे धडधडीत उदाहरण. सरोवरावर, रशियन तळाखाली, पावणेचार किलोमीटर बर्फ आहे, आणि त्यात पाडलेले छिद्र गोठू नये म्हणून छिद्रात रॉकेलसारखे तेल भरले होते. त्या तेलातही जिवाणू राहतात. १९९०च्या दशकाअखेर सरोवराचे पाणी गोठून बनलेल्या बर्फात जिवाणू असल्याचे निबंध आले. २०१२च्या फेब्रुवारीत छिद्र सरोवराला भिडले, आणि २०१३च्या मार्चमध्ये अज्ञात जिवाणू सापडल्याची बातमी जगभर फिरली. काही दिवसांतच तो दावा करणाऱ्या संशोधकांच्याच संस्थेतल्या एका प्रयोगशाळाप्रमुखांनी तो प्रकार दूषणाचा असल्याचे सांगितले. सापडले असे म्हणणाऱ्यालाही रीतच दगा देते, हे इथे दिसले. व्हिलन्सच्या चमूने छिद्र गरम पाण्याने पाडले आणि ते पाणीच गाळून, अतिनील किरणांखालून नेऊन वापरले, ते व्होस्टोकच्या अनुभवातून शहाणे होऊनच. त्यांच्या आकड्यांवर विश्वास बसतो तो या खटाटोपामुळे.

उरतो तो शेवटचा आक्षेप, की कुठेच काही नाही असे कधी म्हणायचेच नाही का? जितकी साधने बारीक होतील तितका जीव सापडत जाणार असे मानणे ही श्रद्धा झाली, आणि ती खोटी ठरली आहे. २०१६ साली मॅकगिल विद्यापीठाच्या लाइल व्हाइट यांच्या गटाने कोरड्या दऱ्यांतल्या उंचावरच्या युनिव्हर्सिटी दरीत गोठलेल्या जमिनीचे नमुने तपासले. हा गट काही घाईने शेरे मारणारा नव्हता. उणे १५ अंशांना वाढणारा प्लॅनोकोकस हॅलोक्रायोफिलस हा जिवाणू कॅनडाच्या एल्समेअर बेटावरून याच गटाने मिळवला होता. त्यांनी हजारावर पेट्री बशा लावल्या, डीएनए पाहिला, मातीचा श्वास मोजला. वाढलेल्या वसाहती इतक्या थोड्या की हाताच्या बोटांवर मोजाव्यात, आणि शून्याखाली हालचालीचा मागमूस नाही. २०२१ साली शॅकल्टन हिमनदीच्या आसपासच्या दोनशेहून अधिक नमुन्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे पाचव्या हिश्शात संवर्धन आणि डीएनए या दोन्ही वाटांनी काहीच हाती लागले नाही. ते नमुने सर्वांत उंचावरचे, सर्वांत कोरडे आणि सर्वांत खारट होते. तिथे पाणी इतक्या काळात आलेलेच नाही की साचलेले क्षार धुऊन जावेत. १९६९च्या लेखकांनी ‘निर्जंतुक’ हा शब्द चुकीच्या ठिकाणी आणि अपुऱ्या पुराव्यावर वापरला होता. पण असे ठिकाण असू शकते, ही त्यांची अटकळ बरोबर निघाली, आणि त्याचे जे कारण होरोविट्झ यांनी दिले होते, पाण्याचा अभाव, तेच पन्नास वर्षांनंतरच्या या अभ्यासातही क्षारांच्या जोडीने उभे आहे.